लॅपटॉपची झोप आणि कार्यालयाचे काम

(सोलापूर येथे पंचायत सदस्य, शिक्षक व कार्यालयीन कर्मचारी यांच्यापुढे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गावच्या कारभाराचे दप्तर एके काळी लाल फडक्यात बांधलेले असे. आज त्यातला बराच मोठा भाग संगणकात गेला आहे. १ मे २०१८ पासून महाराष्ट्रात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उतारा मिळू लागला. पंचायतींचे नियोजन व हिशेब यांसाठी २०२० साली ई-ग्रामस्वराज ही प्रणाली सुरू झाली. शाळांची वार्षिक माहिती यू-डायसवर भरली जाते. आणि शिक्षणाच्या बाबतीत तर सोलापूर जिल्ह्याने साऱ्या जगाचे लक्ष वेधून घेतले. माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक श्री. रणजितसिंह डिसले यांना २०२० साली ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला, तो पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोडची जोड देण्याच्या त्यांच्या कामामुळे. सारांश, लॅपटॉप ही आता चैनीची वस्तू नसून लेखणी व दौत यांच्या जागी आलेले साधन होय.

परंतु लेखणी झोपत नाही, लॅपटॉप झोपतो. आणि झोपलेला लॅपटॉप वेळेवर उठला नाही, किंवा झोपावयास हवा तेव्हा जागाच राहिला, तर त्याचा भुर्दंड यंत्राला नव्हे, माणसाला बसतो. असे समजा की, खरिपाच्या तोंडावर पीककर्जाची कागदपत्रे जुळवीत एक शेतकरी एस. टी. ने तालुक्याच्या गावी आला आहे. आदल्या संध्याकाळी कर्मचाऱ्याने अर्धवट भरलेला अर्ज तसाच ठेवून लॅपटॉपचे झाकण मिटले होते. सकाळी झाकण उघडले तर पडदा काळा. बटण दाबून धरले, यंत्र पुन्हा चालू झाले. पण अर्धवट अर्ज गेला तो गेलाच. दुपारपर्यंत तो पुन्हा भरण्यात जातो, तोवर बँकेची वेळ संपते. शेतकऱ्याचा रोज बुडतो, तिकिटाचे पैसे जातात आणि दुसऱ्या दिवशी तीच पायपीट. असे दोन-चार वेळा घडले की 'हे यंत्र बिघडले' असा शेरा पडतो, यंत्र कपाटात जाते आणि काही वर्षांनी निर्लेखनाच्या यादीत त्याचे नाव येते. यंत्रात दोष नसतो असे नाही. पण पुष्कळ वेळा दोष एखाद्या नोंदीचा किंवा एखाद्या चुकीच्या चालक-प्रणालीचा, म्हणजे ज्याला सर्व जण ड्रायव्हर म्हणतात त्याचा असतो. सार्वजनिक पैशातून घेतलेली वस्तू निर्लेखित करण्यापूर्वी एवढे तपासून पाहणे अगत्याचे आहे.

झोप म्हणजे नेमके काय?

कार्यालयातील एखाद्या लिपिकाचे टेबल डोळ्यांपुढे आणावे. संध्याकाळी सर्व फायली कपाटात लावून, दिवा मालवून तो घरी गेला, तर ते झाले 'शट डाऊन'. फायली टेबलावर उघड्याच ठेवून, एक लहानसा दिवा तेवत ठेवून तो तेथेच डुलकी काढू लागला, तर ती 'स्लीप'. आणि टेबलावर कोणता कागद कोठे होता याची तंतोतंत नोंद वहीत करून, कागद कपाटात ठेवून तो घरी गेला व सकाळी येऊन टेबल होते तसे मांडले, तर त्यास 'हायबरनेट' म्हणावयाचे. मराठीत शीतनिद्रा हा शब्द त्यासाठी चपखल आहे; बेडूक जमिनीत दडून राहतो तशी ही अवस्था.

यातील मर्म असे की, संगणकाचे टेबल म्हणजे त्याची रॅम ही स्मृती. रॅममध्ये जे असते ते वीज असेपर्यंतच टिकते. स्लीपमध्ये पडदा, प्रोसेसर, डिस्क हे सर्व बंद किंवा जवळजवळ बंद असतात, पण रॅमला मात्र थोडीशी वीज सतत पुरवावी लागते. ती तुटली की टेबलावरचे कागद उडाले म्हणून समजावे. शीतनिद्रेत रॅममधील सर्व मजकूर डिस्कवर उतरवून ठेवलेला असतो. म्हणून वीज पूर्णपणे गेली तरी बाध येत नाही. जागे होण्यास थोडा अधिक वेळ लागतो, इतकेच.

ही व्यवस्था आजची नाही. १९९२ साली इंटेल व मायक्रोसॉफ्ट यांनी वीजवापराच्या नियंत्रणाची एक पद्धत ठरविली. पुढे डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट व तोशिबा यांनी मिळून एसीपीआय नावाचे मानक प्रसिद्ध केले. त्यात यंत्राच्या अवस्थांना क्रमांक दिले गेले: एस-शून्य म्हणजे जागृती, एस-तीन म्हणजे रॅम जिवंत ठेवणारी झोप, एस-चार म्हणजे शीतनिद्रा, एस-पाच म्हणजे बंद. आजही विंडोज असो, लिनक्स असो, विंडोजचे बहुतेक लॅपटॉप बनविणारे कारखाने असोत, सर्व जण याच भाषेत बोलतात. मात्र ही भाषा तिघांना एकाच अर्थाने समजली पाहिजे: यंत्रातील मूळ आज्ञावली म्हणजे बायोस, त्यावरील कार्यप्रणाली आणि प्रत्येक भागाचा ड्रायव्हर. तिघांपैकी एकाने जरी वेगळा अर्थ लावला तरी झोपेचे खोबरे होते. निरनिराळ्या कार्यप्रणालींवर तक्रारी सारख्या आणि उपाय मात्र वेगवेगळे, हे त्यामुळेच.

नव्या यंत्रांची अर्धी झोप

गेल्या दहा-बारा वर्षांत यात एक मोठा फरक पडला आणि बहुसंख्य वापरणाऱ्यांना तो कोणी सांगितलाच नाही. मोबाईल फोन जसा खिशात असतानाही निरोप घेत राहतो आणि बोट लावताच उजळतो, तसे लॅपटॉपनेही करावे असा विचार पुढे आला. २०१२ साली विंडोज ८ बरोबर त्याचा पहिला अवतार आला आणि २०१५ साली विंडोज १० मध्ये 'मॉडर्न स्टँडबाय' या नावाने तो रूढ झाला. यात यंत्र एस-तीन या गाढ झोपेत जातच नाही. ते एस-शून्य या जागृतीच्याच अवस्थेत अगदी मंद होऊन पडून राहते. सर्व सुरळीत असेल तर ही व्यवस्था चांगलीच आहे. पण एखादा ड्रायव्हर किंवा एखादा कार्यक्रम मध्येच काम काढून बसला, तर झाकण मिटलेल्या लॅपटॉपचा प्रोसेसर आत राबत राहतो.

सोलापुरात याचा त्रास पुणे-मुंबईपेक्षा अधिक व्हावा हे साहजिक आहे. येथे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांच्या पुढे जातो. अनेक कारखानदार लॅपटॉप वापरण्यासाठी भोवतालच्या हवेची कमाल मर्यादा ३५ अंश सेल्सिअस अशी देतात. अशा दिवसांत झाकण मिटून पिशवीत घातलेला लॅपटॉप आत जागाच राहिला, तर त्याची ऊब बाहेर जाण्यास वाटच उरत नाही. शाळेतून घरी जाणाऱ्या शिक्षकाने मोटारसायकलच्या पेटीतून काढलेला लॅपटॉप तव्यासारखा तापलेला असतो आणि बॅटरी मात्र रिकामी, ही तक्रार काल्पनिक नव्हे. लिथियम-आयन बॅटरीला उष्णतेइतका दुसरा शत्रू नाही. तिची साठवणक्षमता त्यामुळे लवकर घटते.

थोडे गणित येथे उपयोगी पडेल. समजा, बॅटरीत ५० वॅट-तास इतकी वीज साठते. झोपेत यंत्र अर्धा वॅट घेत असेल, तर ती शंभर तास, म्हणजे चार दिवस पुरेल. तेच यंत्र अर्धवट जागे राहून पाच वॅट घेऊ लागले, तर दहा तासांत ती संपेल. शुक्रवारी संध्याकाळी मिटलेला लॅपटॉप सोमवारी सकाळी निपचित का मिळतो, याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे.

आपल्या यंत्रात कोणती झोप आहे हे कळण्याचा उपाय साधा आहे. विंडोजमध्ये आज्ञा देण्याची काळी खिडकी, म्हणजे कमांड प्रॉम्प्ट उघडावी. तीत इंग्रजीत 'पॉवर' हा शब्द, त्याला जोडूनच सी-एफ-जी ही तीन अक्षरे, नंतर एक जागा सोडून तिरपी रेघ आणि तिला चिकटून 'ए' हे अक्षर टंकावे. यंत्र आपल्याला उपलब्ध असलेल्या निद्रावस्थांची यादी देते. तीत एस-तीन दिसले तर जुनी गाढ झोप आहे. 'एस-शून्य लो पॉवर आयडल' असे दिसले तर नवी अर्धी झोप आहे. काही कंपन्यांच्या यंत्रांत बायोसमध्ये या दोहोंपैकी एक निवडण्याची सोय असते. पण ज्याला बायोसची माहिती नाही त्याने तेथे हात घालू नये. त्यापेक्षा झाकण मिटल्यावर यंत्राने स्लीपऐवजी हायबरनेट व्हावे अशी नोंद करणे, हा सोलापूरच्या हवेला मानवणारा उपाय होय. कंट्रोल पॅनेलमधील पॉवर ऑप्शन्समध्ये 'झाकण मिटल्यावर काय करावे' असे विचारणारी जागा आहे. तेथे बॅटरीवर असताना व चार्जरवर असताना अशा दोन्ही ठिकाणी हायबरनेट निवडावे. यादीत हायबरनेट दिसतच नसेल, तर प्रशासकाच्या अधिकाराने काळ्या खिडकीत तीच पॉवर-सीएफजी आज्ञा द्यावी आणि तिरप्या रेघेपुढे 'एच', मग जागा सोडून 'ऑन' लिहावे. सकाळी पाच-दहा सेकंद जास्त लागतील. शंभर फायलींच्या ढिगापुढे बसणाऱ्याला ते जड वाटू नयेत.

झोपत नाही, की झोपू दिले जात नाही?

यंत्र झोपत नाही अशी तक्रार आली की बहुतेक वेळा असे आढळते की, कोणीतरी त्याला जागे ठेवले आहे. व्हिडिओ कॉन्फरन्स संपली, पण तिची खिडकी बंद करावयाची राहून गेली. ब्राउझरच्या एखाद्या कोपऱ्यात एखादे गाणे किंवा चित्रफीत चालूच राहिली. प्रिंटरकडे धाडलेला एखादा कागद अडकून पडला. असा कार्यक्रम संगणकाला 'थांब, माझे काम चालू आहे' असे सांगत असतो आणि आज्ञाधारक संगणक थांबतो. हा पाहुणा कोण हे शोधण्यासाठी पुन्हा पॉवर-सीएफजी ही आज्ञा, पण तिरप्या रेघेपुढे 'रिक्वेस्ट्स' हा शब्द. यासाठी मात्र काळी खिडकी प्रशासकाच्या अधिकाराने उघडावी लागते. कार्यालयीन लॅपटॉपवर हे अधिकार सर्वांना नसतात आणि नसावेतच. अशा वेळी संगणक विभागाच्या तंत्रज्ञाकडून ते काम करून घ्यावे.

याच्या उलट प्रकार असा की, यंत्र झोपते पण मध्यरात्री आपण होऊन उठते. बंद कार्यालयात रात्री अचानक निळा प्रकाश पडला की पहारेकऱ्याच्या मनात नाही नाही त्या शंका येतात. वस्तुतः कारणे अगदी साधी असतात. माऊसला धक्का लागतो; नेटवर्कच्या तारेतून एखादा संकेत येतो; किंवा विंडोजनेच अद्ययावत होण्यासाठी गजर लावून ठेवलेला असतो. शेवटी कोणी उठविले हे पाहण्यासाठी तिरप्या रेघेपुढे 'लास्टवेक' आणि पुढचे गजर पाहण्यासाठी 'वेकटायमर्स' असे लिहावे. उत्तरात ज्या उपकरणाचे नाव येईल ते डिव्हाइस मॅनेजरमध्ये उघडून, पॉवर मॅनेजमेंट या पानावरील 'या उपकरणाला संगणक जागा करू द्यावा' अशा अर्थाच्या चौकटीतील खूण काढून टाकावी. गजर बंद करण्याची सोय पॉवर ऑप्शन्सच्या प्रगत नोंदींत स्लीप या मथळ्याखाली आहे. कळफलकावरील खूण मात्र राहू द्यावी; यंत्राला उठविण्याचा एखादा मार्ग माणसाच्या हाती असावयास हवा.

एक गंमतीचा, पण अनेकांना चकविणारा प्रकार सांगण्याजोगा आहे. झाकण मिटले की उघडे आहे हे बहुतेक लॅपटॉप एका लहानशा लोहचुंबकावरून ओळखतात. पडद्याच्या कडेत चुंबक असतो आणि कळफलकाखाली त्याची जाणीव घेणारा भाग. एका चालू लॅपटॉपवर दुसरा लॅपटॉप ठेवला, किंवा चुंबकाची कडी असलेले मोबाईलचे पाकीट कळफलकाच्या कडेला ठेवले, तर काम करता करताच यंत्र झोपी जाते. प्रशिक्षणवर्गात पाच-सहा लॅपटॉप एकावर एक रचून ठेवण्याची जी पद्धत आहे तिच्यामुळे असे गोंधळ होतात. दुरुस्तीला नेण्याआधी टेबल मोकळे करून पाहावे.

आणखी एक बाब. यंत्र 'फॉर्मॅट' करून आणल्यावर स्टार्ट मेनूतून स्लीप हा शब्दच नाहीसा झाला, असे पुष्कळांनी अनुभविले असेल. याचे कारण असे की, विंडोज नव्याने बसविताना चित्रफलकाचा, म्हणजे ग्राफिक्सचा, कंपनीचा ड्रायव्हर बसविलेला नसतो आणि मायक्रोसॉफ्टच्या कामचलाऊ ड्रायव्हरवर यंत्र चालते. या कामचलाऊ ड्रायव्हरला झोपेतून पडदा पुन्हा उभा करण्याची रीत ठाऊक नसते, म्हणून विंडोज झोपच नाकारते. वर सांगितलेल्या 'ए' आज्ञेच्या उत्तरात तसे कारणही दिलेले असते. यंत्र बनविणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून आपल्या नमुन्याच्या क्रमांकाचा ग्राफिक्स ड्रायव्हर उतरवून बसविला की स्लीप परत येते. फॉर्मॅट करणाऱ्याकडून यंत्र ताब्यात घेताना ही एक गोष्ट पाहूनच पावती द्यावी.

काळा पडदा

सर्वांत घबराट उडते ती येथे. झाकण उघडले, पंख्याचा आवाज येतो, दिवा लुकलुकतो, पण पडदा काळाच. अशा वेळी घाईने पॉवरचे बटण दाबून धरणे ही सर्वांत शेवटची पायरी असावी, कारण त्यासरशी न साठविलेले सर्व काम नष्ट होते. आधी बटण एकदाच, हलके दाबून पाहावे. काही न घडल्यास विंडोजची कळ, कंट्रोल, शिफ्ट आणि 'बी' या चार कळा एकदम दाबाव्यात. त्यायोगे ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो, एक बारीक आवाज येतो आणि पुष्कळदा पडदा उजळतो. यंत्र आतून जागे आणि केवळ पडदा आंधळा, असा तो प्रकार असतो.

शिक्षकांच्या बाबतीत काळ्या पडद्याचे एक वेगळेच कारण निघते. वर्गात लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडलेला असतो आणि चित्र 'फक्त दुसऱ्या पडद्यावर' दाखवावे अशी नोंद केलेली असते. झोपेतून उठल्यावर यंत्र आपले चित्र प्रोजेक्टरकडेच पाठवीत राहते आणि प्रोजेक्टर बंद असतो. तार काढून पाहावी. किंवा विंडोजची कळ व 'पी' एकदम दाबून पर्याय बदलावा. चाळीस मुले समोर बसलेली असताना या दोन कळा आठवल्या तर तास वाया जात नाही.

काळ्या पडद्याच्या तक्रारी वारंवार येत असतील, तर 'फास्ट स्टार्टअप' ही सोय बंद करून पाहावी. ही सोय चालू असताना शट डाऊन केलेले यंत्रही पूर्णपणे बंद होत नाही. कार्यप्रणालीचा गाभा शीतनिद्रेत ठेवला जातो. त्यामुळे ड्रायव्हरमधील बिघाड दिवसेंदिवस तसाच पुढे चालू राहतो आणि 'बंद करून चालू केले तरी तेच' असे वाटते. खरी नवी सुरुवात हवी असल्यास 'रिस्टार्ट' निवडावे. शट डाऊनपेक्षा रिस्टार्ट अधिक पूर्ण, ही गोष्ट उलटी वाटते खरी, पण विंडोजमध्ये ती तशीच आहे. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, हेही ध्यानात ठेवावे. त्यावर अजून चालणाऱ्या यंत्रांविषयी वरिष्ठ कार्यालयाकडे लिहून निर्णय घेणे आवश्यक आहे.

ग्रामीण भागात वीज हा स्वतंत्र प्रश्न. जिल्ह्यात फताटेवाडी-आहेरवाडी परिसरात १३२० मेगावॅटचा औष्णिक प्रकल्प उभा आहे, तरी गावच्या रोहित्रावर फ्यूज उडाला की अंधार व्हावयाचा तो होतोच. अनेक कार्यालयांतील जुने लॅपटॉप निकामी बॅटरीसह कायम चार्जरवर चालविले जातात. अशा यंत्राला स्लीपमध्ये टाकणे म्हणजे उघड्या खिडकीशेजारी सुटे कागद ठेवणे होय. वीज गेली की रॅम गेली. अशा ठिकाणी हायबरनेट, नाहीतर सरळ शट डाऊन. तिसरा मार्ग नाही. टेबलावरच्या संगणकात 'हायब्रिड स्लीप' अशी एक सोय असते. तीत झोपतानाच मजकूर डिस्कवरही उतरविला जातो. यूपीएस नसेल तेथे ती चालू आहे याची खात्री करावी.

लिनक्स आणि मॅक

शाळांतून व काही कार्यालयांतून लिनक्स वापरले जाते. सी-डॅकने २००७ साली लोकांपुढे आणलेली 'बॉस' ही भारतीय कार्यप्रणालीदेखील लिनक्सचेच एक रूप. लिनक्सचा मोठा गुण असा की, ते काहीही लपवीत नाही. आणि अडचण अशी की, विचारल्याशिवाय काही सांगतही नाही. यंत्र कोणत्या झोपेत जाते हे पाहण्यासाठी 'सिस' या फोल्डरातील 'पॉवर' या फोल्डरात 'मेम' व 'स्लीप' हे शब्द खालच्या रेघेने जोडलेली एक छोटी फाईल असते, ती वाचावी. तीत 'एस-टू-आयडल' आणि 'डीप' असे शब्द दिसतात. ज्या शब्दाभोवती चौकटी कंस असेल ती अवस्था वापरात आहे. 'डीप' म्हणजे एस-तीन, गाढ झोप. दोन्ही शब्द असूनही कंस पहिल्यावर असेल आणि रात्रीत बॅटरी संपत असेल, तर 'डीप' निवडून पाहावे. यंत्र नीट उठते आहे अशी दोन-चार दिवस खात्री पटल्यावरच ती नोंद कायम करावी. फक्त पहिलाच शब्द असेल तर यंत्राच्या बायोसने गाढ झोप देऊ केलेली नाही; बायोसमध्ये ती निवडण्याची सोय नसेल, तर त्यास इलाज नाही.

लिनक्समध्ये शीतनिद्रेसाठी डिस्कवर 'स्वॅप' नावाची राखीव जागा लागते आणि ती रॅममधील मजकूर मावेल एवढी असावी लागते. उबुंटूसारख्या काही वितरणांत हायबरनेट मुळात दिलेले नसते. सिक्युअर बूट चालू असल्यास अनेक यंत्रांत ते नाकारले जाते. एनव्हिडिया कंपनीचे ग्राफिक्स असलेल्या यंत्रांत काळ्या पडद्याचा त्रास विशेष, आणि तेथे ड्रायव्हरची आवृत्ती बदलून पाहणे हाच पहिला उपाय.

मॅकविषयी फार लांबण लावण्याचे कारण नाही. जिल्ह्यातील सरकारी टेबलांवर तो क्वचितच दिसतो. यंत्र आणि कार्यप्रणाली एकाच कंपनीची असल्यामुळे त्याच्या तक्रारीही कमी. ॲक्टिव्हिटी मॉनिटरमधील 'एनर्जी' या पानावर झोपेला अडथळा आणणाऱ्या कार्यक्रमांचा स्वतंत्र रकाना असतो, तो पाहावा. बॅटरी रात्रीतून उतरत असेल तर नेटवर्कसाठी जागे होण्याची सोय बंद करावी. २०२० च्या अखेरीपासून आलेल्या ॲपल चिपच्या यंत्रांना जुन्या पद्धतीच्या कळा दाबून करावयाच्या रीसेटची गरज नाही. रिस्टार्ट पुरेसा होतो.

झोपलेले यंत्र आणि उघडे दप्तर

येथपर्यंत यंत्राच्या सोयीचा विचार झाला. याहून गंभीर बाजू सुरक्षिततेची आहे. झोपलेल्या लॅपटॉपच्या टेबलावर सर्व कागद उघडेच असतात, हे वर आलेच आहे. झाकण उघडताच संकेतशब्द न मागणारा लॅपटॉप म्हणजे कुलूप नसलेले कपाट. त्यातच डिजिटल स्वाक्षरीचे टोकन, ज्याला बोलण्यात डोंगल म्हणतात, ते खाचेत तसेच राहिलेले असेल, तर धोका दुप्पट. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने अशा स्वाक्षरीला हाताच्या स्वाक्षरीइतकेच बळ दिले आहे. सही आपली, पण करणारा दुसरा, आणि जबाबदारी पुन्हा आपलीच. टोकनचा पिन वेगळा असतो हे खरे. परंतु तो कित्येक ठिकाणी लॅपटॉपलाच कागदाने चिकटवून ठेवलेला आढळतो. जेवणाच्या सुटीतही विंडोजची कळ व 'एल' दाबून यंत्राला कुलूप घालावे, टोकन काढून खिशात ठेवावे आणि जागे होताना संकेतशब्द विचारला जाईल अशी नोंद सेटिंग्जमधील 'साइन-इन' या भागात करावी. ग्रामसभेच्या दिवशी, जेव्हा कार्यालयात दहा जणांची ये-जा असते, तेव्हा तर हे विसरून चालणारच नाही.

आता नोंदींविषयी. प्रत्येक यंत्रासाठी एक वही ठेवावी. तक्रार आली की तारीख, चार्जर लावलेला होता की नव्हता, झाकण मिटले की मेनूतून झोपविले, कोणती उपकरणे जोडलेली होती, किती वेळाने काय दिसले, एवढे लिहावे. पुढे एका वेळी एकच बदल करावा आणि दोन-तीन दिवस पाहावे. एकाच बैठकीत चार नोंदी बदलणाऱ्याला, रोग कशाने गेला आणि नवा कशाने आला, हे कधीच कळत नाही. हमीच्या मुदतीतील यंत्राची तक्रार कंपनीकडे करताना ही वही मोलाची ठरते. 'लॅपटॉप नीट चालत नाही' या वाक्यावर तंत्रज्ञ फॉर्मॅट सुचवितो. पण 'बॅटरीवर असताना झाकण मिटल्यास चार तासांत साठ टक्के वीज जाते, चार्जरवर तक्रार नाही' असे लिहिले तर त्याला नेमका भाग तपासावा लागतो. विंडोज स्वतःही असा अहवाल देते. पॉवर-सीएफजी आज्ञेत तिरप्या रेघेपुढे 'बॅटरी-रिपोर्ट' हे शब्द जोडून लिहिले की बॅटरीची मूळ साठवण व आजची साठवण समोरासमोर दिसते. मॉडर्न स्टँडबाय असलेल्या यंत्रात 'स्लीप-स्टडी' हे शब्द तसेच जोडून लिहिल्यास, झोपेच्या काळात कोणत्या भागाने किती वीज खाल्ली याचा तक्ता मिळतो. तो छापून तक्रारीस जोडावा.

लॅपटॉप ठेवण्याची जागाही पाहावी. आपल्याकडे घरोघरी सोलापुरी चादर, आणि रात्रीचे काम पलंगावर बसून तिच्यावरच लॅपटॉप ठेवून करण्याची सवय. चादर कितीही उत्तम असली तरी यंत्राच्या तळाची हवेची जाळी ती बुजविते. पाट किंवा साधी लाकडी फळी वापरावी. पिशवीत घालण्यापूर्वी दिवा विझला आहे, पंखा थांबला आहे, हे हात लावून पाहावे. उन्हात उभ्या असलेल्या गाडीत लॅपटॉप मिटून ठेवू नये, मग तो झोपलेला असो की बंद. आणि झाकण मिटताना ते वर उचलल्यासारखे वाटू लागले, कळफलकाखालचा भाग फुगलेला दिसला, किंवा टेबलावर यंत्र डुगडुगू लागले, तर ती झोपेची तक्रार नव्हे. बॅटरी फुगली आहे. असे यंत्र त्याच क्षणी बंद करावे, चार्जर काढावा, बॅटरी टोचण्याचा वा दाबण्याचा प्रयत्न करू नये आणि बॅटरी बदलून येईपर्यंत ते लहान मुलांच्या व कागदांच्या ढिगापासून दूर ठेवावे.